शनिवारची चार मिनिटं

गयाबाई, तुम्ही शुक्रवारी गेलात. मी रविवारी वही घेऊन तुमच्याकडे येणार होतो.

मागच्या महिन्यात तुम्ही आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी भेटायला आलो होतो. तुम्ही बाजेवर भिंतीला टेकून बसला होतात. सून चहा ठेवायला आत गेली. मी पाऊसपाण्याचं, तुरीचं, इकडचं तिकडचं बोललो आणि मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "गयाबाई, ते शनिवारचे चार मिनिटं जात कुठं होते, आता तं सांगा."

तुम्ही आधी खोकलात, मग हसलात.

"अजून तेच धरून बसले का जी तुमी? अठरा वर्सं झाली."

"सतरा," मी म्हणालो.

"वही आणली काय?"

"नाही."

"मंग कायले सांगू? बिना वहीचं तुमाले काही पटत नाही. वही घेऊन या, मंग सांगतो."

घरी येऊन वही शोधली. माळ्यावरच्या पेटीत, तळाशी सापडली. पानं पिवळी पडली होती, पण आकडे साफ होते. तोपर्यंत सोयाबीनची सोंगणी लागली. एक रविवार गेला, दुसरा गेला. तिसरा मी नक्की केला होता. तुमचा निरोप शुक्रवारी दुपारी आला.

ही वही तुमच्यासमोर उघडायची राहिली, म्हणून हे लिहितो आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण मी वाचत असताना माझं कुठं चुकतं ते तुम्हाला बरोबर कळायचं.

कापसाची ती वाईट वर्षं होती. आपल्या गावात जीपा यायच्या. कोणी लिहून घ्यायचे, कोणी फोटो काढायचे, कोणी दप्तरं वाटून जायचे. अशाच एका जीपेतून कॉम्प्युटर उतरला. कुठल्या तरी ऑफिसात वापरून झालेला, पण चालू. आपली जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. मुलं एक्केचाळीस, शिक्षक दोन, कॉम्प्युटर एक. मी शाळेच्या समितीत होतो. बारावीपर्यंत शिकलेला होतो आणि मनगटावर चालतं घड्याळ होतं, एवढीच माझी पात्रता.

लोखंडी दार आणि कुलूप शाळेत एकाच खोलीला होतं, ती पोषण आहाराच्या तांदळाची. म्हणून कॉम्प्युटर तांदळाच्या पोत्यांशेजारी बसला, आणि खिचडी तुम्ही शिजवत असल्यामुळे त्याचीही किल्ली तुमच्या कमरेला आली. याचा ठराव कधी झाला नाही. मी ठरावबुक पाहिलं आहे.

हेडमास्तरांनी तालुक्याला जाऊन थोडं प्रशिक्षण घेतलं. पाचवी ते सातवीच्या मुलांना दोन आठवडे शिकवलं. मग त्यांच्यामागे याद्या, सर्वेक्षणं, मीटिंगा लागल्या. शेवटी समितीत ठरलं की मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचं. पाचवी ते सातवीची पंधरा, दुसरी ते चौथीची पंधरा. पंधरा जोड्या. पहिलीची अकरा मुलं सोडली.

वेळापत्रक मी केलं. भारनियमनामुळे बाकीच्या वारी लाइटचा नेम नव्हता, पण शनिवारी सकाळची शाळा आणि लाइट साडेसात ते सव्वानऊ हमखास. म्हणजे एकशे पाच मिनिटं. मशीन सुरू व्हायला पाच, बंद करायला तीन, एका जोडीला सहा याप्रमाणे नव्वद. एकूण अठ्ठ्याण्णव. लाइट जाण्याच्या सात मिनिटं आधी कुलूप. चालू मशीनवर लाइट गेली तर ते कायमचं जाईल, अशी सगळ्यांना भीती होती.

नऊ वाजून आठ मिनिटांनी कुलूप लागायला हवं होतं. ते लागायचं नऊ बाराला. दर शनिवारी. मी ओट्यावर घड्याळ धरून उभा असायचो. खोलीत जाऊन पाहणं मला बरं वाटत नव्हतं, शेवटी कुलूप लावायला तुम्ही आत असायच्या.

"गयाबाई, चार मिनिटं जास्त झाले."

"खिचडीत गेले, भाऊ."

"खिचडीत कसे जातीन?"

"मीठ घालाले लागतात."

एकदा म्हणालात, पोतं सरकवत होतो. एकदा म्हणालात, उंदीर होता. उंदीर मी वहीत लिहिला. पुढच्या शनिवारीही चार मिनिटं जास्त झाली तेव्हा विचारलं, "आज काय?" तुम्ही म्हणालात, "तोच उंदीर." मी हसलो नाही. आज वाचताना हसलो.

आपलं खरं भांडण मात्र ताटाचं होतं.

माझी वैशाली तेव्हा सातवीत. वर्गात सगळ्यात चलाख, हे मी बाप म्हणून सांगत नाही, गुणपत्रिकेत आहे. तिच्या जोडीला तिसरीतली कोमल. जोडी शेवटची, पंधरावी. पहिल्या शनिवारी कोमलच्या सहा मिनिटांतली पाच मिनिटं माऊस वैशालीच्याच हातात होता. कोमल नुसती पाहत होती. सगळ्याच जोड्यांचं तसं झालं. मोठ्यांना चालवायची हौस, लहानांना भीती.

तुम्ही बाहेर चुलीपाशी होतात. दुसऱ्या शनिवारी आत आलात, हातात जेवायचं स्टीलचं ताट. ते तुम्ही वैशालीला पाठीमागे दोन्ही हातांनी धरायला लावलं.

"हे असं मांगं धर. पडू द्याचं नाही. आता सांग तिले काय सांगाचं ते."

"मावशी, पण तिले जमत नाही ना. वेळ जाते."

"जाऊ दे. वेळ तुह्या बाबाचा आहे. बोट तिचं आहे."

त्या दिवसापासून जो शिकवेल त्याच्या पाठीमागे ताट. माऊस घ्यायला हात पुढे आला की ताट फरशीवर, आणि आवाज थेट चुलीपर्यंत. "कोणाचं पडलं रे?" तुमची हाक यायची. ज्याचं पडलं त्याने त्या दिवशी सगळ्यांची ताटं घासायची. तिसऱ्या शनिवारी सात वेळा ताट पडलं. दहाव्या शनिवारी एकदा. हे आकडे मी ओट्यावर उभं राहून ऐकून लिहिले आहेत.

मला ती पद्धत आवडली नव्हती. मी तुम्हाला तसं सांगितलंही. तुम्ही पातेलं उतरवत म्हणालात, "वेचणीले नवी पोरगी आणली तं तिची बोंडं आपण वेचून देतो काय, भाऊ? वेचून देल्ली तं कंबरेची ओटी भरंल तिची. हात काही शिकणार नाही." मी म्हणालो, कापूस वेगळा आणि कॉम्प्युटर वेगळा. तुम्ही म्हणालात, "असंल. मले एकच माहीत आहे."

निंदणाला, तण काढायला, तुम्ही बायांच्या पुढे असायच्या. पंधरा-वीस बायांची ओळ एका चालीने पुढे नेणं हे काम तुम्ही वीस वर्षं केलं होतं, आणि त्यातल्या एकीलाही मागे टाकून तुम्ही धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसलेल्या मी पाहिलेलं नाही. हे मला माहीत होतं. शाळेत त्याचा काय संबंध, ते मात्र कळत नव्हतं.

इथे एक गोष्ट लिहून टाकतो. तुम्ही खिचडी शिजवायला लागलात तेव्हा काही घरांतून मुलांबरोबर डबे जाऊ लागले. कोणाच्या हातचं खायचं आणि कोणाच्या नाही, हा तो विचार. तसे सात डबे होते. त्यातला एक माझ्या घरचा. माझी आई भरायची आणि मी गप्प बसायचो. अकरा दिवस गेला. बाराव्या दिवशी वैशालीने तो चुलीजवळच ठेवून दिला आणि निघून गेली. तुम्ही कधी विषय काढला नाही. मीही नाही. हा आकडा कोणत्याच वहीत नव्हता, आज पहिल्यांदा लिहिला.

फेब्रुवारीत तालुक्याहून साहेब आले. कॉम्प्युटर किती मुलं वापरतात ते पाहायला. मी वेळापत्रक दाखवलं, जोड्या दाखवल्या. साहेब खूश झाले. म्हणाले, सातवीच्या एखाद्या मुलीला बोलवा. हेडमास्तरांनी वैशालीला बोलावलं.

"बेटा, स्वतःचं नाव टाइप करून दाखव."

वैशाली खुर्चीजवळ गेली आणि उभीच राहिली. हात पाठीमागे. ताट नव्हतं, तरी हात पाठीमागे. ती कोमलकडे पाहून म्हणाली, "कोमल, बस. पहिले व्ही दाब." साहेब म्हणाले, ती नाही, तू. वैशाली बसली. ताट आल्यापासून ती खुर्चीत बसलीच नव्हती. कोणतं बटण कुठं ते तिला तोंडपाठ होतं, पण ते दुसऱ्याच्या खांद्यावरून. बोट बटणापर्यंत जाऊन परत यायचं. आठ अक्षरांच्या नावाला दोन मिनिटं चाळीस सेकंद लागले. मग साहेबांनी गंमत म्हणून कोमलला बसवलं. पंचवीस सेकंद.

साहेबांनी भेटीच्या वहीत लिहिलं की वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना संगणक हाताळता येत नाही. वैशालीने ते वाचलं. घरी येऊन ती जेवली नाही. जूनमध्ये तिला आर्णीच्या हायस्कूलला जायचं होतं. तिथे शहरातली मुलं असणार, आणि आपल्याला आपलं नावही लिहिता येत नाही, एवढंच ती म्हणत होती. मी तिला सांगितलं, उद्यापासून ताट बंद. शनिवारी तू जायचं नाही.

समितीची बैठक दुसऱ्याच दिवशी झाली. मी ठराव मांडला की यापुढे फक्त पाचवी ते सातवीने कॉम्प्युटर वापरावा आणि लहानांचं नंतर पाहावं. आकडे माझ्याकडे होतेच. वैशालीची आठ महिन्यांची मिनिटं शून्य. आणि आकडे पुरे नव्हते म्हणून की काय, मी वर एक वाक्य बोललो. म्हणालो, खिचडी शिजवणाऱ्या बाईनं शिकवायची पद्धत ठरवू नये.

तुम्ही खिडकीबाहेर भांडी घासत होतात. भांड्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळाने परत सुरू झाला.

ठरावावर निर्णय आठ दिवसांनी घ्यायचं ठरलं. त्या आठ दिवसांत तुम्ही माझ्याशी नेहमीसारख्याच बोललात. "काय भाऊ, आज घड्याळ बरोबर आहे ना?" मला ते लागत होतं. एखादा शब्द तुम्ही टाकून बोलला असतात तर बरं झालं असतं.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी मी वावरातून चारच्या सुमारास घरी आलो. ओट्यावर वैशाली मांडी घालून बसलेली. तिच्यापुढे बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर पेनाने चौकोन आखून कॉम्प्युटरची सगळी बटणं काढलेली. आणि तिच्या पाठीशी कोमल उभी. आठ वर्षांची पोर, हात मागे, हातात घरचं ताट. ताट तिच्या पाठीपेक्षा रुंद.

"हे काय चालू आहे?" मी विचारलं.

"वैशालीताई मांगं राह्यली ना, काका," कोमल म्हणाली. "मावशीनं सांगतलं, तू धुऱ्यावर पोचली, आता समोरून ये."

मी शेतकरी आहे, मला याचा अर्थ कोणी सांगायची गरज नव्हती. निंदणाच्या ओळीत जी बाई आधी धुऱ्यावर पोचते ती बसत नाही. जी मागे पडली तिचा तास, म्हणजे तिच्या वाट्याची ओळ, ती समोरच्या टोकाकडून धरते, आणि दोघी मध्ये भेटतात. मग सगळ्या मिळून पाणी पितात. एवढी वर्षं मी ते धुऱ्यावरून पाहिलं होतं.

कोमल सहा दिवस आली. माझ्या वहीत त्यांची नोंद आहे, कारण मी घड्याळ लावल्याशिवाय राहू शकलो नाही. पहिल्या दिवशी पुठ्ठ्यावर नाव लिहायला एक मिनिट पन्नास सेकंद. सहाव्या दिवशी वीस सेकंद. कोमल मध्येच म्हणायची, "घाई नोको करू, ताई. वेळ तुह्या बाबाचा आहे." आणि मग माझ्याकडे पाहून ती जीभ चावायची.

शनिवारी वैशाली शाळेत गेली. मी थांबवलं नाही. खऱ्या मशीनवर बावीस सेकंद लागले. त्या दिवशी शेवटची तीन मिनिटं कोमलने तिला आपल्या सहामधून दिली होती, तीही माझ्या वेळापत्रकाला न विचारता.

बैठकीत मी ठराव मागे घेतला. कारण विचारलं तेव्हा म्हणालो, वर्ष संपत आलं आहे, आता बदल नको. ते कारण खोटं होतं. खरं कारण खिडकीबाहेर भांडी घासत होतं, आणि त्या दिवशी आवाज मध्ये थांबलाही नाही. मी बाहेर आलो, चपला घातल्या, तुम्हाला म्हणालो, "येतो, गयाबाई." तुम्ही म्हणालात, "या." तेवढ्यात आभार आणि माफी दोन्ही आली असं मी सतरा वर्षं धरून चाललो. आली नव्हती. आता सांगतो, गयाबाई, मी बोललो ते वाक्य चुकीचं होतं. पद्धत तुमचीच चालली आणि तीच चालायला हवी होती.

कॉम्प्युटर दोन वर्षं चालला. तिसऱ्या जूनला सुरूच झाला नाही. दुरुस्तीवाला आर्णीहून येऊन उघडून पाहून गेला. म्हणाला, म्हातारा झाला. लाइटने गेला नाही, एवढं मी त्याच्याकडून वदवून घेतलं. म्हणजे तुमच्या चार मिनिटांनी त्याचं काही बिघडवलं नव्हतं.

रविवारी तुमच्याकडे बुद्धवंदनेचा कार्यक्रम होता. मी वही घेऊन आलोच. का आणली ते मलाही सांगता आलं नसतं. येणार म्हटलं होतं, म्हणून आणली. वैशाली उमरखेडहून आली होती. ती तिकडे आरोग्य केंद्रात नर्स आहे, तुम्हाला माहीतच होतं. कोमलही होती. ती आता आर्णीला एका सेवा केंद्रात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरते. काउंटरवरच्या म्हाताऱ्या माणसांना ती स्वतः बटण दाबायला लावते, त्यामुळे तिच्यापुढे रांग मोठी असते आणि मालक कुरकुरतो, असं ऐकून आहे.

जेवणं झाल्यावर आम्ही तिघं तुमच्या अंगणातल्या निंबाखाली बसलो. वही माझ्या मांडीवर. वैशालीने ती ओळखली.

"बाबा, अजून ते चार मिनिटं का?"

"ते सांगणार होत्या. राहून गेलं."

दोघी एकमेकींकडे पाहायला लागल्या. मग वैशाली म्हणाली, "आमचं झालं की मावशी खुर्चीत बसायची."

मला आधी कळलंच नाही. "कोणत्या खुर्चीत?"

"कॉम्प्युटरच्या. शेवटचे चार मिनिटं. दर शनिवारी एका मोठ्या पोराले थांबवून घ्यायची. मंग म्हणायची, मले काहीच येत नाही, मले शिकव. ताट मांगं धरून. आवाज वाढला की नापास. चिडला की नापास. माऊस हिसकला तं नापासच. जो मावशीले चार मिनिटं नीट शिकवंल त्यालेच लहान्याइले शिकवू देणार. मी दोनदा नापास झाली."

"तू?"

"दोनदा. एकदा म्हटलं, मावशी, किती वेळा सांगू. तर म्हणाली, जा, घास ताटं."

मी विचारलं, सतरा वर्षांत हे मला सांगावंसं वाटलं नाही का. वैशाली म्हणाली, "मावशीनं शब्द घेतला होता. आणि तुमी नेहमी मावशीले विचारलं, बाबा. मले कधी विचारलंच नाही."

लपवण्याचं कारण मला विचारावं लागलं नाही. शाळेच्या पटावर नाव असेल त्यानेच मशीनला हात लावावा, हा नियम माझाच. गावातल्या एका पुढाऱ्याच्या पुतण्याला त्यावर गाण्यांच्या सीडी पाहायच्या होत्या, त्याला अडवायला मी तो केला होता. ठरावबुकात माझ्या अक्षरात आहे. तुम्ही मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. नियम दाखवला असता. हे मी आज कितीही वेगळं लिहिलं तरी खरं तेच आहे. तुम्ही मला ओळखून होतात, म्हणून उंदीर सांगितलात.

मी म्हणालो, "म्हणजे दोन वर्षं दर शनिवारी गयाबाई पहिल्यापासून शिकत होत्या."

कोमल हसली. ती दोन्ही वर्षं शेवटच्या जोडीत होती. मशीनवर कापड टाकायचं काम तिचं, म्हणून ती शेवटपर्यंत खोलीत असायची.

"काका, मावशीले सगळं येत होतं. चित्रं काढाची खिडकी स्वतः उघडायची. आडव्या रेघा काढायची, सरळ, एकाखाली एक, वावरातल्या तासावाणी. एकदा मी आली तं एकटीच काढून राह्यली होती. मले पाहून बोट ओठावर ठेवलं. मंग पाचवीतला पोरगा आत आला तं माऊस उलटा धरून बसली. म्हणे, बापू, हे कुठून धराचं असते?"

वैशालीला हे माहीत नव्हतं. ती कोमलकडे वळली. मग म्हणाली, "म्हणजे मले नापास केलं तवाही येत होतं तिले?"

"तवाचं माहीत नाही," कोमल म्हणाली. "तू पहिल्या वर्षीची."

आता ते विचारायला तुम्ही नाही. मला उत्तर नको आहे असं नाही, पण नसलं तरी चालेल.

घरी येऊन मी बेरीज केली. मला तेवढंच येतं. नऊ बाराला कुलूप लागलेले शनिवार एकाहत्तर. चार गुणिले एकाहत्तर, दोनशे चौऱ्याऐंशी मिनिटं. मग वहीत नाव असलेल्या एकेका मुलाची बेरीज पाहिली. कापसाच्या दिवसांत बरीच मुलं वेचणीला जायची, त्यामुळे कोणाचेच शनिवार पूर्ण नाहीत. सगळ्यात मोठी बेरीज कोमलची निघाली. शेहेचाळीस शनिवार, दोनशे शहात्तर मिनिटं. वैशालीला दिलेली तीन मिनिटं मी वजा केली नाहीत. तरी तुमची तिच्याहून आठ जास्त. म्हणजे गयाबाई, आपल्या शाळेत त्या कॉम्प्युटरच्या खुर्चीत सगळ्यात जास्त वेळ बसलेलं माणूस तुम्ही. पटावर नाव नसलेलं. हे मी तुम्हाला वाचून दाखवलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात, ते मला ऐकू येतं. "मंग? मीठ बरोबर पडलं होतं ना?"

बरोबर पडलं होतं.

त्या पंधरा जोड्यांतली तीस मुलं आज कुठं कुठं आहेत ते मला सगळं माहीत नाही. माहीत आहे ते एवढं की माझी मुलगी नव्या नर्सला इंजेक्शन शिकवताना स्वतःचे हात पाठीमागे घेते. मी एकदा तिच्या केंद्रात गेलो होतो, तेव्हा पाहिलं. मला वाटलं, सवय असेल. तिचं नुकसान झालं की नाही, यावर आपण सतरा वर्षं भांडलो, बहुतेक वेळा न बोलता. माझ्या बाजूने तो वाद मी इथे संपवतो. माझ्या वहीत तिची मिनिटं शून्य होती, आणि तो आकडा बरोबर होता. मोजायचं दुसरंच होतं.

एक काम राहिलं होतं. वहीत प्रत्येक शनिवारी पंधरा ओळी आहेत आणि तीन रकाने. शिकणारा, शिकवणारा, मिनिटं. मी एकाहत्तर शनिवारांखाली सोळावी ओळ आखली. मिनिटांच्या रकान्यात चार लिहिले. मग तुमचं नाव कुठं लिहायचं तिथे अडलो. खुर्चीत तुम्ही बसला होतात, म्हणून शिकणारा. कोमल सांगते ते धरलं, तर शिकवणारा.

दोन्ही रकान्यांत लिहिलं. मिनिटं एकदाच धरली.